पाच प्लाय आणि दोन भागीदार

भागीदारीचा कायदा १९३२ सालचा. त्याचं चोविसावं कलम म्हणतं की धंद्याचं कामकाज बघणाऱ्या एका भागीदाराला एखादी गोष्ट कळवली, की ती फर्मला कळली. म्हणजे शेठना कळलं की भाऊंना कळलंच! ज्यांनी हे लिहिलं ते मोठे विद्वान असणार, पण त्यांनी बोईसरमधल्या एखाद्या फर्मचा हिशेब महिनाभरही लिहिलेला नसावा.

मी लिहितो. तारापूर एमआयडीसीत आमची पुठ्ठ्याच्या खोक्यांची फर्म आहे. शेठ बोरिवलीहून येतात. गिऱ्हाईक आणि कागदाची खरेदी त्यांच्याकडे. भाऊ पालघरजवळच्या माहीमचे. मशिनं, माणसं आणि खळ त्यांच्याकडे. दोघांच्या केबिनींमध्ये प्लायवूडची एकच फळी आहे. इकडे कुणी उसासा टाकला तर तिकडे ऐकू जातो. तरीही शेठ मला बोलावून हळूच विचारतात, "मेहताजी, जरा भाऊंना पूछो, गुरुवारची गाडी भरली का?" तेवढ्यात पलीकडून भाऊ ओरडतात, "त्यांना सांग, भरली!" मी उभ्या जागेवरून म्हणतो, "भरली म्हणतात." मग शेठचं समाधान होतं. याचा मला पगार आहे.

भागीदारीचा करारनामा माझ्याच कपाटात असतो, त्यामुळे तो पाठ झालाय. नफा निम्मा-निम्मा, भांडवलावर व्याज बारा टक्के, चेकवर दोघांच्या सह्या. कुणी कुणाला काय आणि केव्हा सांगायचं, याबद्दल एक ओळ नाही. कायदा तरी बजावतो, की एकमेकांना खरा हिशेब आणि पूर्ण माहिती द्या. शिवाय नेहमीच्या कामात मतभेद झाला तर बहुमताने ठरवा, असंही म्हणतो. दोघांत बहुमत कसं काढायचं, हे मी एकदा वकिलांना विचारलं. त्यांनी फी सांगितली.

व्हॉट्सॲप आलं तेव्हा वाटलं, आपली नोकरी गेली. फर्मच्या ग्रुपवर आम्ही तिघंच. शेठ रोज सकाळी गणपती पाठवतात, भाऊ त्याला अंगठा दाखवतात. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून शेठ लोकलने येतात आणि विरार सुटलं की त्यांना धंदा आठवतो. टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते बोलून पाठवतात. वैतरणेच्या पुलावर गाडीचा असा खडखडाट होतो, की निरोपातला मुख्य आकडा नेमका खाडीत जातो.

एका औषध कंपनीची ऑर्डर अशीच आली. सिरपच्या बाटल्यांसाठी खोकी, अमुक माप, इतके नग, "खड खड खड प्लाय", शनिवारी माल पाहिजे. प्लाय म्हणजे पुठ्ठ्याचे थर. मागच्या वेळी तीन प्लाय होती म्हणून भाऊंनी तीनच धरली आणि अंगठा पाठवला. शेठनी त्या अंगठ्याचा अर्थ घेतला, पाच प्लाय, झालं काम. खात्री करायला वेळ होता, पण शुक्रवारी आमचा कारखाना बंद म्हणून भाऊ फोन घेत नाहीत, आणि रविवारी शेठ घेत नाहीत. सोमवारी गिऱ्हाइकाच्या गोदामात थप्पी रचली आणि खालच्या रांगेने चक्क मांडी घातली.

चूक कुणाची, यावर दोघांनी आठवडाभर माझ्यामार्फत भांडण केलं. मी शिव्या गाळून फक्त मुद्दे पोचवत होतो. त्यामुळे भांडण फारच सभ्य झालं, आणि म्हणून संपेचना.

अर्थात असं फक्त पुठ्ठ्याच्या धंद्यात होतं असं नाही. आमच्या इथल्या अणुवीज केंद्राचंच बघा. १९६३ साली भारत-अमेरिका करार झाला, की तारापूरच्या अणुभट्ट्यांना तीस वर्षं अमेरिका इंधन पुरवील. १९६९ मध्ये केंद्र चालू झालं. १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला. भारत म्हणाला, शांततेसाठी. अमेरिका म्हणाली, ही कसली शांतता? १९७८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा कायदाच बदलला आणि इंधन अडलं. आपण म्हणायचं, करार तीस वर्षांचा. त्यांनी म्हणायचं, आमचा कायदा नवा. कागद एक, सह्या दोघांच्या, वाचन वेगवेगळं. शेवटी १९८२ मध्ये इंधन द्यायला फ्रान्स मध्ये पडला आणि दोघांचीही अब्रू राहिली. फ्रान्सची भूमिका मला फार जवळची वाटते. फरक इतकाच, की त्याने इंधनाचे पैसे घेतले.

उलटं उदाहरणही याच एमआयडीसीत आहे, कॅमलिनचा कारखाना. दिगंबर आणि गोविंद या दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईची भुकटी आणि वड्या करायला घेतल्या, त्या घोडा छाप. पुढे घोड्याचा उंट झाला. असा बदल करायचा तर दोघे भाऊ समोरासमोर बसून बोललेच असणार. निरोप माझ्यामार्फत गेला असता, तर आज मुलांच्या दप्तरात गाढव असतं. २०११ मध्ये ओसाकाच्या कोकुयोने त्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. तेव्हा दुभाषी लागला असेल. तो माझा जातभाई.

खोक्यांचं भांडण मिटेना, तेव्हा भाऊंच्या घरून वहिनींनी तोडगा काढला. शुक्रवारी कारखाना बंद असतो, दोघांनी केळव्याच्या समुद्रावर जाऊन बसावं, मनातलं बोलून टाकावं. मेहताजी बरोबर नकोत. मला जरा लागलं, पण गप्प बसलो.

शनिवारी दोघेही खुशीत आले. शेठनी मला आत घेतलं. "मेहताजी, एकदम क्लियर झालं. ठरलं आपलं, भाव वाढवायचा. भाऊ तर एक शब्द मधे बोलले नाही, सगळं शांतपणे ऐकलं." मग भाऊंनी बोलावलं. "मिटलं बघ सगळं. भाव आहे तोच ठेवायचा, माल वाढवायचा. शेठ बराच वेळ काहीतरी सांगत होते, पण वारा केवढा होता! मी शहाळं पीत होतो."

मीटिंगचा वृत्तांत लिहून ठेव, असं दोघांनीही वेगवेगळं बजावलं. मी लिहिला. पहिला ठराव शेठच्या मनासारखा, दुसरा भाऊंच्या, दोन्ही पुरेसे मोघम. तिसरा खळीच्या दर्जाबद्दल. चौथ्या ठरावात माझा पगार वाढवला. दोघांनीही न वाचता सही केली. दुसऱ्याने मान्य केलंय, तर आपण कशाला खुसपट काढा, असं प्रत्येकाला वाटलं.