बोर्डवाले काका

फोर्टातल्या एखाद्या जुन्या इमारतीची डागडुजी संपून परांची उतरली, की दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डवाले काका खाली उभे. मान वर, तोंड किंचित उघडं, खिशात टेप.

मालक म्हणतो, "काका, एवढा खर्च केलाय. नाव चर्चगेटवरून दिसलं पाहिजे."

"चर्चगेटवरनं गिऱ्हाईक उडी मारून येणार आहे का?"

काकांचा हिशोब पक्का: दर दहा फुटांमागे एक इंच अक्षर. समोरचा फूटपाथ साठ फुटांवर, म्हणजे सहा इंच पुरे. मन मोठं करून ते नऊ देतात. मालकाला हवी असतात तीन फुटी, तीही आतून पेटणारी.

मग विषय निघतो दादाभाई नौरोजी रोडचा. तिथल्या कमानी बोर्डांनी गिळल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा लांबा यांनी पुढाकार घेऊन पाट्या कमानींच्या आत बसवायला लावल्या. काका हे सत्यनारायणाच्या पोथीसारखं सांगतात. मालकाने जांभई दिली की पहिल्या अध्यायापासून.

हाताखालच्या पोऱ्याने ड्रिल काढलं की काकांना धाप लागते. "दगडाला हात लावू नकोस! सांध्यात मार. सांधा पुन्हा भरता येतो, दगड नाही."

पण त्यांचा खरा अवतार पाहावा तो मराठी अक्षरांपाशी. 2022 साली कायदा बदलला आणि पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालेनाशी झाली. पोऱ्याने 'स्टुडिओ'ला वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या बुडापर्यंत टेप लावला आणि म्हणाला, "इंग्रजीएवढंच भरलं, काका."

"माणसाची उंची टोपी आणि बुटांसकट मोजतोस का रे?"

शिरोरेषेपासून खाली मोजल्यावर मराठी अक्षर इंग्रजीच्या निम्मं भरलं. तयार अक्षरं परत गेली. पैसे कुणी भरायचे यावर दोन चहा झाले. ते काकांनीच भरले, चहाचेही.

माझ्या दुकानाची पाटी त्यांनीच केली. चार वेळा दिवेलागणीला येऊन उजेड पाहिला, चारही वेळा दिवे उतरवले. पाटी देखणी झाली, फक्त दिवाळीऐवजी होळीला लागली.

तुम्हालाही करायची असेल तर जरूर सांगा, नंबर देतो. मात्र त्यांच्यासमोर "जरा मोठ्ठं करा" म्हणू नका. माझी दिवाळी त्यातच गेली.