बिनकाट्याचा मालवणी

दर्या खवळलेला, होड्या वाळूत झावळ्यांखाली झाकलेल्या, १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी. तरीही भर जुलैत महामार्गावरच्या हॉटेलाच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं : ‘आज पहाटेची ताजी मालवणी मासळी’. या निष्ठेचं करावं तेवढं कौतुक थोडंच.

ताटात येतो पांढराशुभ्र, बिनकाट्याचा तुकडा. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीकाठच्या तळ्यांत वाढलेला, गोठून जहाजाने आलेला बासा. पण आगळ चोळलं, लाल मसाला लावला, रव्यात घोळवला की जन्मदाखला बदलतो. काटे बहुधा त्याने गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी वाटेतच टाकले असावेत.

काही खवचट मंडळी म्हणतात, मासा कुठला ते मेनूकार्डावर लिहा. त्यापेक्षा शासनाने नकाशाच दुरुस्त करावा. मेकाँगला कर्ली नदीची उपनदी घोषित करून टाकावं, संगम देवबागला दाखवावा. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा केलंच आहे. बासाला निदान डोमिसाइल तरी द्या.

मागच्या अंगणात खोका पडलेला असतो. माशाचं नाव, देश, गोठवल्याची तारीख, सगळं त्यावर ठळक छापलेलं. इतक्या फटकळ वस्तूला चारचौघांत आणणं बरं दिसत नाही, म्हणून ती चुलीत जाते.

आणि थाळीचा दर?

‘काय करणार साहेब, बंदीमुळे मासाच मिळत नाही,’ मालक हळहळतात, ‘म्हणून शंभर रुपये जास्त.’