माळकरी अण्णा आणि त्यांची सॉव्हिनॉन

दिंडोरी तालुक्यात वाइनची द्राक्षं पिकवणाऱ्या कुठल्याही गावात गेलात तर एक अण्णा भेटतातच. कुठं त्यांना तात्या म्हणतात, कुठं नाना, माणूस तोच. पांढरा पायजमा, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात द्राक्षातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. घरात चातुर्मासात कांदा-लसूणही शिजत नाही आणि वावरात उभी आहे सॉव्हिनॉन ब्लाँ.

‘अण्णा, तुम्ही घेता का?’ असं नवख्यानं विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘ऊसवाल्याला कोणी विचारतं का, तुझ्या मळीचं पुढं काय होतं?’ पाहुणा कोल्हापूर-सांगलीकडचा असेल तर विषय तिथंच बदलतो.

अण्णा मूळचे थॉमसनवाले, म्हणजे खायच्या द्राक्षांचे. त्या जातीत सगळा खेळ मण्याच्या आकाराचा. विरळणी करा, जीए संजीवकात घड बुडवा, मणी फुगवा. १९९७ च्या सुमारास वायनरी काढायला निघालेल्या राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळ सॉव्हिनॉन आणि शेनिन ब्लाँ लावली, २००० साली पहिली बाटली बाजारात आली, आणि मग करार करत ही द्राक्षं दिंडोरीपर्यंत पोचली. बारका मणी, घट्ट आवळलेला घड, वर आत बिया. अण्णांच्या वडिलांनी पहिला घड हातात घेऊन ‘हे खाणार कोण?’ एवढंच विचारलं. खाणार कोणीच नव्हतं.

अण्णांचं खरं रूप दिसतं थंडीत. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की निर्यातवाल्यांची झोप उडते. मण्यांना तडे जायच्या भीतीनं बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू होतं. अण्णा मफलर गुंडाळून ओट्यावर चहा पीत असतात आणि चेहऱ्यावरचा आनंद लपवायचा प्रयत्न करतात. तो काही लपत नाही. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उष्णतेनं जळतं. रात्र गार असेल तर ते टिकून राहतं, आणि जिभेला झटका देणारी पांढरी वाइन त्या आम्लावरच उभी असते. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासचं हे पठार आणि इथला हिवाळा नसता तर विसाव्या अक्षांशावर हा उद्योग कोणी केलाच नसता. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते, इथली त्याच दिवसांत राबते. एप्रिलमध्ये काडीसाठी खरड छाटणी, पावसाळा सरला की फळासाठी दुसरी. वेलीला सुट्टी नाही म्हणून अण्णांनाही नाही.

अडचण येते ती पौषात. पांढऱ्या द्राक्षांची काढणी जानेवारी-फेब्रुवारीत आणि त्र्यंबकेश्वरची निवृत्तीनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला, म्हणजे बरोबर त्याच दिवसांत. साखर एकवीस-बावीस ब्रिक्सला आली की थांबून चालत नाही. थांबलात तर साखर चढते, आंबटपणा पडतो आणि वाइन गुळमट होते. दिंडी घरावरून निघालेली आणि अण्णा गळ्यात टाळ अडकवून बागेत उभे. एक मणी दाताखाली धरतात, साल सावकाश चघळतात, बी तळहातावर थुंकून उजेडात बघतात. बी तपकिरी असेल आणि चावल्यावर कडकन फुटलं तर तोड. हिरवं असेल तर दिंडी. रिफ्रॅक्टोमीटर नंतर निघतो, वायनरीच्या पोराला आकडा सांगण्यापुरता.

एकदा मुंबईचे पाहुणे आले. ग्लास फिरवून, डोळे मिटून एकजण म्हणाला, ‘हिरवी मिरची लागतेय यात.’ अण्णांचा चेहराच उतरला. ‘आमच्या वावरात मिरचीचं एक रोप नाही हो! शेजारच्यानं काही फवारलं की काय?’ सॉव्हिनॉनला हिरव्या मिरचीचा, ओल्या गवताचा वास असतोच आणि जाणकार त्याचं कौतुक करतात, हे पटवायला संध्याकाळ गेली. शेवटी अण्णांनी ग्लास हातात घेतला. वास घ्यायला माळ आड येत नाही, असा त्यांनी स्वतःपुरता निकाल लावलाय. नाक आत घालून ते म्हणाले, ‘चार दिवस उशिरा तोडलीय.’ वायनरीतला माणूस गप्प बसला. बरोबरच असावं.

२०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि राज्यभर गदारोळ उठला. गावच्या सप्ताहात कीर्तनकार बुवांनी वाइनवर तासभर आसूड ओढले. पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांची मान सगळ्यांत जोरात डोलत होती. पंगतीची वर्गणीही त्यांचीच सगळ्यांत मोठी. ती कुठल्या पिकाची, हे बुवांनी विचारलं नाही, आणि अण्णा तरी आपणहून कशाला सांगतील?

पिणाऱ्यांनी मात्र या न पिणाऱ्या माणसाचं थोडं ऐकावं. सॉव्हिनॉनची बाटली टीव्हीशेजारच्या शोकेसात मिरवायची नाही. दोन वर्षांच्या आत उघडायची, फ्रीजमध्ये दोन-तीन तास गार करून. बर्फ अजिबात टाकू नका. ग्लासात पाणीच घालायचं होतं तर अण्णांनी काढणीआधी ठिबक आखडतं कशाला घेतलं असतं?