अंथरुणातून उठणे

अंथरुणातून उठणे म्हणजे आडव्या माणसाने उभे होणे. या क्रियेला फार तर दहा सेकंद लागतात. तिच्या आधीच्या विचाराला मात्र पाच मिनिटांपासून दुपारच्या जेवणापर्यंत कितीही वेळ लागू शकतो. मराठीने ‘जाग येणे’ आणि ‘उठणे’ ही दोन क्रियापदे वेगळी ठेवली आहेत, ती उगाच नव्हे. जाग येते, उठावे मात्र लागते. या दोहोंच्या मध्ये जो प्रदेश पसरलेला आहे, त्याला लोळणे म्हणतात. मन ताळ्यावर असेल तर हा प्रदेश सुखाचा असतो. मनाला मरगळ आली असेल तर त्याच गादीची दलदल होते, आणि ‘कशातच राम नाही’ हे वाक्य तोंड धुण्याआधीच उमटते.

न उठणाऱ्यांचे ढोबळ चार प्रकार आहेत. पहिला सूर्यवंशी, म्हणजे नेमाने सूर्याच्या मागून उगवणारा. याचे मन ठणठणीत असते, फक्त नऊपर्यंत तेही झोपलेले असते. दुसरा अपुऱ्या झोपेचा. हा रात्री दीडपर्यंत फोनवर अनोळखी लोक पनीर कसे करतात ते बघत असतो. याला प्रेरणेची नव्हे, झोपेची गरज असते. तिसरा मरगळलेला. याची झोप झालेली आहे, डोळे उघडे आहेत, पंख्याची पाती मोजून झाली आहेत, त्यांची संख्या कालच्याइतकीच भरली आहे, तरी पाय खाली टेकत नाहीत. कारण कधी नोकरीचे असते, कधी नात्याचे, कधी सलग आठ दिवस पडणाऱ्या पावसाचे, आणि कधी शोधूनही सापडत नाही.

चौथा प्रकार आजाराचा, आणि त्यात विनोद नाही. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक वेळ मन खचलेले असणे, आवडीच्या गोष्टीही नकोशा होणे, नेहमीच्या वेळेआधी दोनेक तास जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, सकाळ सर्वांत जड जाणे आणि संध्याकाळकडे थोडे हलके वाटणे ही नैराश्याची ओळखीची लक्षणे आहेत. मधुमेहाच्या रुग्णाला कोणी ‘जरा मनावर घे, साखर उतरेल’ असे सांगत नाही. इथेही तो सल्ला तितकाच कुचकामी आहे. अशा वेळी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. जगण्यातच राम नाही असे वाटू लागले, तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये. पुढचे विवेचन तिसऱ्या प्रकाराला लागू आहे. चौथ्यात त्याचा उपयोग होतो तो उपचाराच्या जोडीने, उपचाराऐवजी नव्हे.

मरगळीचा निम्मा दोष मनाचा नसून वेळेचा असतो. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचे घड्याळ ते हेच. त्याचा दिवस बहुतेकांत चोवीस तासांहून काही मिनिटे मोठा असतो. म्हणजे हे घड्याळ मुळातच मागे पडणारे आहे, आणि रोज सकाळच्या उजेडाने ते जुळवून घ्यावे लागते. जाग आल्यावरही मेंदूचे सगळे विभाग एकदम कामावर रुजू होत नाहीत. कारभार सरकारी कचेरीसारखा चालतो. दार उघडते, पंखे सुरू होतात, टेबलावर फायली येऊन पडतात, पण सही करणारे साहेब उशिरा येतात. निर्णय घेणारा पुढचा भाग तरतरीत व्हायला साधारण पंधरा मिनिटे ते अर्धा तास जातो, कधी त्याहूनही जास्त. अंगात हुशारी आणणारे कॉर्टिसॉल जाग आल्यानंतर ३० ते ४५ मिनिटांनी शिगेला पोहोचते. मरगळलेला माणूस नेमक्या या मधल्या वेळात ‘आपल्या आयुष्याचे पुढे काय’ ही सर्वांत जाड फाईल उघडतो. साहेब जागेवर नसतात. फाईलवर ‘नामंजूर’ असा शेरा पडतो आणि माणूस कूस बदलतो.

या वेळी पडणारे प्रश्न बघण्यासारखे असतात. आडव्या माणसाला प्रश्नही आडवेच पडतात. ‘उठून तरी काय करायचे आहे?’ हा त्यातला मुख्य. याचे खरे उत्तर ‘दात घासायचे आहेत’ असे आहे. परंतु प्रश्न इतक्या वरच्या पट्टीत विचारलेला असतो, की असे साधे उत्तर द्यायला माणूस लाजतो आणि जीवितकार्य शोधू लागतो. जीवितकार्य उशीखाली सापडत नाही. तिथे बहुधा चार्जरची वायर असते.

ही अडचण मोठमोठ्यांना आलेली आहे. दुसऱ्या शतकातला रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांचे पाचवे प्रकरण सुरूच होते ते पहाटे उठायच्या कंटाळ्यापासून आणि त्यावर स्वतःशी घातलेल्या वादापासून. अर्ध्या युरोपावर राज्य चालत होते, पण पांघरुणावर चालत नव्हते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याला शाळेपासून उशिरापर्यंत अंथरुणात पडून विचार करायची सवय होती. स्वीडनची राणी क्रिस्टिना हिने त्याला स्टॉकहोमला बोलावले आणि १६५० च्या जानेवारीत, तिथल्या थंडीत, शिकवणीची वेळ दिली पहाटे पाचची. ११ फेब्रुवारीला न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. लवकर उठण्याचे विरोधक हे उदाहरण फार जपून ठेवतात. थंडीचा भाग ते सांगत नाहीत. जर्मन तत्त्वज्ञ कान्टने याहून व्यवहारी मार्ग काढला. मार्टिन लांपे नावाचा एक निवृत्त सैनिक त्याच्या पदरी होता. त्याने पाचच्या सुमाराला येऊन वेळ झाल्याची आरोळी ठोकायची आणि मालकाने कितीही गयावया केली तरी त्याला झोपू द्यायचे नाही, असा मालकाचाच हुकूम होता. माणसाच्या इच्छाशक्तीवर एवढे लिहिणाऱ्या गृहस्थाने सकाळी पाचला मात्र स्वतःच्या इच्छाशक्तीवर विसंबायचे टाळले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लांपे परवडेनासा झाल्यावर त्याचे काम गजराच्या घड्याळाकडे आले. चावीचे घड्याळ स्टीलच्या ताटात ठेवून गजर दुप्पट करण्याची युक्ती अनेक मराठी घरांनी परीक्षेच्या दिवसांत वापरली. त्यात अभ्यास करणारा सोडून सगळे घर उठत असे. १९५६ साली अमेरिकेत एका कंपनीने गजर थोड्या वेळापुरता गप्प करणारे बटण असलेले घड्याळ बाजारात आणले आणि मानवजातीला आपले वचन दर नऊ मिनिटांनी मोडण्याची सोय झाली. उदास माणसाच्या बाबतीत या बटणाचा तोटा झोपेपेक्षा हिशेबाचा आहे. सात वाजेपर्यंत तो पाच वेळा हरलेला असतो, आणि दिवसाची सुरुवात शून्याऐवजी उणे पाचपासून होते.

घरगुती पद्धती यंत्राहून प्रभावी ठरल्या आहेत. त्यांत आईची पद्धत सर्वमान्य आहे. ‘अरे, ऊठ, आठ वाजले!’ ही घोषणा सहा वाजून पन्नास मिनिटांनी होते. तिचा परिणाम न झाल्यास पंखा बंद केला जातो, मग पडदे सरकवले जातात, आणि शेवटी ‘चादरी भिजवायच्या आहेत’ असे सांगून माणसाखालचे अंथरूण काढून घेतले जाते. या सगळ्यात ‘तुला उठावेसे वाटते का’ हा प्रश्न एकदाही येत नाही. देवांच्या बाबतीतही हीच रीत आहे. विष्णू आषाढी एकादशीला झोपतो आणि कार्तिकीला उठतो, म्हणजे चार महिन्यांची झोप असूनही उठायची तिथी ठरलेली आहे. पंढरपुरात विठ्ठलाला रोज पहाटे काकड आरतीने जागे करतात, आणि त्यासाठी पुजारी त्याच्याही आधी उठतात. देवाला आतून प्रेरणा येईपर्यंत थांबू, असे कोणी म्हणत नाही.

मानसशास्त्राने हाच मुद्दा उशिरा पण नीट मांडला. माणसाची समजूत अशी असते की आधी उत्साह येतो आणि मग हातपाय हलतात. १९७० च्या दशकात पीटर लेविन्सन यांनी उदासीची साखळी उलट बाजूने पाहिली: माणूस कामे सोडतो, त्यामुळे बरे वाटण्याचे प्रसंग घटतात, त्यामुळे मन आणखी खाली जाते, आणि तो उरलेली कामेही सोडतो. मग उपायही हालचालीपासून सुरू करावा. ‘बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन’ या नावाने ही उपचारपद्धती आज वापरात आहे. १९९६ साली नील जेकबसन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे दिसले की विचार बदलण्याच्या पूर्ण उपचाराने जेवढा गुण आला, जवळपास तेवढाच नुसत्या हालचाली वाढवण्याच्या भागानेही आला. थोडक्यात, उत्साह हा लग्नातल्या त्या पाहुण्यासारखा आहे, जो अक्षता पडून पंगत बसल्यावर येतो. त्याच्यासाठी मुहूर्त थांबवला तर लग्न लागत नाही.

यावरून निघणारे नियम थोडे आहेत. काम जेवढे लहान, तेवढे बरे. ‘आजपासून आयुष्य बदलायचे’ हे काम मोठे आहे. ‘एक पाय फरशीवर’ हे जमण्यासारखे आहे. दुसरा पाय बहुधा कुतूहलाने येतो. त्यानंतर चूळ भरावी. तोंडात पाणी असताना जीवनाविषयी निष्कर्ष काढता येत नाहीत. मग उजेडात जावे. घरातल्या दिव्याचा उजेड शेकड्यांत मोजतात, तर ढगाळ सकाळी बाहेरचा उजेडही हजारांत भरतो, आणि मागे पडलेले घड्याळ त्यानेच जुळते. फोन पलंगापासून लांब ठेवावा, कारण जाग आल्या आल्या दुसऱ्यांचे मनालीचे फोटो पाहून कोणाची मरगळ उतरल्याचे ऐकिवात नाही. आणि शक्य तर बाहेरचा कोणी आपल्यावर अवलंबून असावा. फिरायला बरोबर येणारा मित्र, कुंडीतली तुळस किंवा कुत्रा, काहीही चालते. यांपैकी कुत्र्याला सबब समजत नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांत हे शेवटचे काम नगरपालिकेने अंगावर घेतलेले आहे. साडेपाचला येऊन सातला जाणारे नळाचे पाणी ज्यांच्या घरी आहे, त्यांना प्रेरणेचे पुस्तक घ्यावे लागत नाही. घंटागाडीचेही तसेच. मरगळलेला माणूस डोक्यावर पांघरूण घेऊन जगाच्या निरर्थकतेपाशी पोहोचलेला असतो, तेवढ्यात कोपऱ्यावर गाडीचे गाणे वाजते. कालची कोळंबीची साले बादलीत आहेत. आज गाडी चुकली तर उद्यापर्यंत ती घरात राहतील, आणि निरर्थकतेला वास नसतो, कोळंबीला असतो. माणूस उठतो. केस उभे, बनियन उलटे, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात बायकोची. ओला एका डब्यात, सुका दुसऱ्यात, एवढे करून वळतो तो शेजारच्या काकू विचारतात, ‘काय रे, बरे नाही का?’ तो ‘नाही, ठीक आहे’ म्हणतो. हे पुरते खरे नसते, पण अंथरुणात होते त्यापेक्षा थोडे अधिक खरे असते.

घरात आल्यावर तो पुन्हा पलंगाकडे बघतो. पण हात कोळंबीचे असतात, म्हणून ते धुतो. नळाशी आलोच आहोत म्हणून चहाचे आधण ठेवतो. दूध गॅसवर ठेवल्याने तिथून हलता येत नाही. दूध वर येईपर्यंत साहेब कचेरीत आलेले असतात. आयुष्याची फाईल अजून निकाली निघालेली नसते, पण ती आता चहानंतर बघायची असते. कशातच राम नाही, ही भावनाही पूर्ण गेलेली नसते. फक्त तिच्या यादीत एक नवी नोंद झालेली असते: आता पुन्हा आडवे होण्यातही राम नाही.