मृत्यूच्या कारणाचा रकाना

सरकारी दप्तरात कुपोषणाने सहसा मूल मरत नाही, ही गोष्ट मेळघाटाविषयी गेली तीस वर्षे हळहळणाऱ्या मंडळींनी एकदा नीट ध्यानात घ्यावी. धारणी-चिखलदऱ्याकडील कोरकू बालकांच्या मृत्यूंचा 1993 साली गवगवा झाला, मंत्र्यांचे ताफे घाट चढून गेले, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात हा विधी यथासांग पार पडत आला आहे. परंतु त्यानंतर जो खुलासा सादर होतो, त्यातील मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात न्यूमोनिया, अतिसार, जन्मतः कमी वजन अशी प्रतिष्ठित नावेच विराजमान असतात. आता धडधाकट मूल मीठ-साखरेच्या पाण्यावर चार दिवसांत उठून बसते आणि अर्धपोटी मूल त्याच अतिसाराने जाते, हे वैद्यक जाणते. जगातील पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मागे अपुरे पोषण उभे असते, असे जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. पण मागे उभे राहणाराचे नाव नोंदवण्याची आपल्याकडे वहिवाट नाही.

मोजमापातील आमची प्रगती तर स्तिमित करणारी आहे. पूर्वी वयाप्रमाणे वजन पाहून बालकांच्या श्रेणी लावीत, आणि तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले मूल साहेबांची झोप उडवी. पुढे उंचीप्रमाणे वजन पाहण्याची रीत आली. झपाट्याने वाळलेले मूल हेरण्यास ती उत्तम, याविषयी वाद नाही. तिची खरी गोडी मात्र निराळी आहे. जे मूल गर्भापासूनच उपाशी राहून उंचीनेही खुरटले, त्याचे तुटपुंजे वजन त्या तुटपुंज्या उंचीला शोभून दिसते, आणि ते ‘सर्वसाधारण’ ठरून घरी जाते. साडेतीन वर्षांच्या पोराने दोन वर्षांच्या पोराएवढेच राहण्याची दक्षता घेतली, तर शासनाची त्याच्याविषयी तक्रार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे 35 टक्के बालकांनी अशी दक्षता घेतल्याचे आढळून आले.

दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी आणखी सोयीची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड आला की लाल. पण एका हातात रडणाऱ्या पोराचा दंड आणि दुसऱ्यात मोबाईल सांभाळणाऱ्या अंगणवाडी सेविकेने पट्टी किंचित सैल धरली, की लालाचे पिवळे होते. तिला दोष कोणी द्यावा? लाल मूल सापडले की खुलासा तिनेच लिहायचा, गाडी तिनेच मागवायची, आणि घरी दोन लेकरे व रोजची मजुरी सोडून चौदा दिवस दवाखान्यात राहा म्हणून आईची मनधरणीही तिनेच करायची.

एवढे होऊनही मूल दगावलेच, तर चौकशी होते आणि आईने आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, नेले, असे निष्पन्न होते. पुराने रस्ता तुटून डॉक्टर तालुक्याला अडकलेले असताना हा भूमका गावातच हजर असतो, ही त्याची गैरवर्तणूक पुढील समितीने विशेष नमूद करावी.