दोन्ही पात्यांचे नाना

बारावीचा निकाल लागला की देवासच्या नानांचा सीझन सुरू होतो. एरवी वर्षभर हे गृहस्थ निवृत्त असतात. जून-जुलैत मात्र त्यांना जेवायला फुरसत नसते. ओसरीवर चपलांचा ढीग पडतो. आई, वडील, बारावी झालेलं पोर, पोराचा मामा आणि मामाच्या हातात प्लास्टिकची फाइल. घरं निरनिराळी, प्रश्न एकच : "नाना, इंदूरला कुठं घालावं?"

नाना कोणत्याही कॉलेजात कधी शिकवायला नव्हते. नोकरी केली बँक नोट प्रेसमध्ये, तीही तपासणीला. एकसारख्या नोटांच्या थप्प्यांतून शाई फुटलेली, कड सरकलेली नोट बाजूला काढायची, हेच काम त्यांनी उभा जन्म केलं. त्यामुळे दोन वस्तू अगदी सारख्या आहेत असं कोणी म्हटलं, की नानांना तो स्वतःचा अपमान वाटतो. "सारखं काही नसतं. नीट बघा," म्हणत ते कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, समोरचं माहितीपत्रक उजेडापुढे धरतात आणि कडेवरून अंगठा फिरवतात. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात वॉटरमार्क नसतो हे त्यांना ठाऊक आहे, पण हाताची सवय जात नाही.

यात नानांपेक्षा गावाचा हात जास्त आहे. पेशव्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेले तुकोजी आणि जिवाजी पवार हे भाऊ-भाऊ. १७२८ च्या सुमारास त्यांचा देवासला जम बसला आणि पुढे गादीच्या दोन गाद्या झाल्या : थोरली पाती आणि धाकटी पाती. एका गावात दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार. १९४८ साली दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली तोवर हा जोडसंसार चालला. १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून इथं राहिला आणि पुढे १९५३ साली त्यानं 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक काढलं. ती जी टेकडी, तिच्यावर देव्यासुद्धा दोन. मोठी माता तुळजाभवानी, छोटी माता चामुंडा. एकीचं दर्शन घेऊन दुसरीला टाळून उतरायची कोणाची छाती होत नाही. अशा गावात जन्मलेल्या माणसाला 'दोन्ही सारखीच हो' हे उत्तर पचणार कसं? देवासचे दोन किराणावाले, दोन दातांचे डॉक्टर आणि स्वतःचे दोन जावई, या सर्वांच्या पात्या नानांनी केव्हाच ठरवून टाकल्या आहेत. धाकट्या पातीच्या जावयाला हे माहीत नाही. चहा मात्र त्याला नेहमी दुसरा मिळतो.

घराण्याच्या पदव्यांचा इतिहासही नाना विचारल्याशिवाय सांगतात. त्यांचे वडील इंदूरच्या होळकर कॉलेजचे. तेव्हा निवडायला होतंच काय? १८८७ चं ख्रिश्चन कॉलेज, नाहीतर १८९१ चं होळकर. पदवीवर शिक्का आग्रा विद्यापीठाचा, कारण कॉलेजं तिकडं जोडलेली. "वडिलांनी जन्मात ताजमहाल बघितला नाही, पण ग्रॅज्युएट आग्र्याचे!" १९५७ मध्ये उज्जैनला विक्रम विद्यापीठ निघालं आणि देवास तिकडं गेलं, म्हणून नानांची बी.एस्सी. विक्रमची. १९६४ मध्ये इंदूरनं आपलं विद्यापीठ काढलं, १९८८ मध्ये त्याला देवी अहिल्येचं नाव मिळालं. धारची कॉलेजं त्या बाजूची. म्हणजे धार आणि देवास, दोन्हीकडे पवारच, पण पोरांच्या गुणपत्रिका दोन गावांहून येणार. नानांची सासुरवाडी धारची असल्यामुळे हा भेद त्यांनी चाळीस वर्षं जिवंत ठेवला आहे.

मग २००७ साली मध्यप्रदेशानं खाजगी विद्यापीठांचा कायदा केला आणि नानांचं नशीब उघडलं. हळूहळू इंदूरच्या चारी बाजूंना विद्यापीठं उभी राहिली. मेडिकॅप्स, वैष्णव, ओरिएंटल, सेज, सिम्बायोसिस, प्रेस्टीज. शिवाय जुनी कॉलेजं आहेतच. जून उजाडला की वर्तमानपत्राचं पहिलं पान कुठं आहे ते शोधावं लागतं, कारण वरची दोन पानं प्रवेशाच्या जाहिरातीची असतात. प्रत्येक जाहिरातीत हिरवळ, हिरवळीवर मुलगी, मुलीच्या मांडीवर लॅपटॉप आणि मागे काचेची इमारत. खाली पॅकेजचा आकडा. नानांचं ठाम मत आहे की मुलगी सगळीकडे एकच आहे, फक्त ओढणी बदलते.

या विद्यापीठांचे मार्गदर्शन मेळावे देवासच्या हॉटेलांत भरतात. नाना एकही चुकवत नाहीत. "पाल्याचं नाव?" विचारलं तर शेजारच्या पोराचं सांगतात. पहिल्या रांगेत बसून प्राध्यापकांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हा एकच प्रश्न विचारतात आणि समोसा खाऊन परततात. काकू भाजी आणतात ती पिशवी एका विद्यापीठाची, छत्री दुसऱ्याची, भिंतीवरचं घड्याळ तिसऱ्याचं. त्या घरात पेन विकत आणल्याला जमाना झाला.

गेल्या सीझनला धारचे मेहुणे मुलीला घेऊन आले तेव्हा मी तिथंच होतो. मुलीचा जेईईचा नंबर मधला. म्हणजे सगळ्यात अवघड. वर असता तर आयआयटी, खाली असता तर मिळेल ते. मधल्या नंबराला तीन फायली येतात, आणि तशा तीन आल्या होत्या. एक, देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयईटी या इंजिनीअरिंग कॉलेजात आयटी. दोन, एका खाजगी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स. तीन, दुसऱ्या खाजगी विद्यापीठात तेच कॉम्प्युटर सायन्स, पुढे एआय-एमएल लावलेलं.

"भाऊजी, सीएस आणि आयटीत फरक काय हो?" मेहुण्यांनी बसायच्या आत विचारलं.

"थोरली पाती, धाकटी पाती," नाना म्हणाले. "वाडे दोन, भाऊबंद एकच."

"हे तुमचं देवासचं झंझट. आमच्या धारला सगळं एकेक. एक राजा भोज, एक किल्ला, एक लोखंडी स्तंभ."

"त्याचे तीन तुकडे आहेत."

"किल्ल्यात १७७५ ला पेशवा जन्मलाय आमच्या!"

"हो. शेवटचा."

काकूंनी पोह्यांच्या बशा मध्ये आणून ठेवल्या म्हणून पानिपत टळलं. बशा रिकाम्या झाल्यावर नाना कामाला लागले. मुलीला समोर बसवलं आणि आपली कसोटी सुरू केली. ही कसोटी मी इतक्या वेळा ऐकली आहे की अर्धी मलाही पाठ आहे.

"पहिलं, रस्ता. कॉलेज मागाहून निवडायचं, आधी रस्ता निवडायचा. देवासच्या पोराला मांगलियाकडचं कॉलेज सोयीचं. तू धारची. राऊकडचं घेतलंस तर शनिवारी क्लास सुटल्यावर निघून रात्री आईच्या हातचं जेवशील. सांवेर रोडचं घेतलंस तर आधी अर्धं इंदूर ओलांड, मग गंगवाल बसस्टँड गाठ, मग बस. चार वर्षं तेच.

"दुसरं, पॅकेज. हायेस्ट सांगतील, ते ऐकून सोडून दे. हायेस्ट एका पोराचं असतं आणि ते पोर कुठंही गेलं असतं तरी हायेस्टच होतं. मीडियन विचार. सगळी पोरं रांगेत उभी केली तर बरोब्बर मधल्याला काय मिळालं? हा प्रश्न विचारला की काउन्सेलर बाई पाणी मागवतात.

"तिसरं, नॅकचा ग्रेड. ए प्लस म्हणतील, ए प्लस प्लस म्हणतील. ग्रेड पाच वर्षांसाठी मिळतो. कोणत्या साली मिळाला ते बघ, नाहीतर आजोबांच्या पहेलवानीवर नातवानं मिशा पिळायच्या.

"चौथं, दुपारी तीनला जाऊन स्टँडवर मास्तरांच्या गाड्या मोज. सकाळी दहाला सगळीकडे भरलेला असतो. तीननंतर जिथं गाड्या उभ्या, तिथं शिक्षण आहे. बाकी सब फोकट."

मेहुणे हे सगळं मोबाइलवर टाइप करून घेत होते. मुलगी गप्प होती. मग ती म्हणाली, "आतोबा, मी तिन्ही सिलॅबस उघडून बघितले. पहिली दोन वर्षं जवळजवळ एकच. पुस्तकं तीच. मोठ्या कंपन्या पण सगळीकडे त्याच येतात. मग फरक काय आहे, ते सांगा ना."

मेहुण्यांचा अंगठा थांबला. नोट प्रेसच्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे जरा जास्तच होतं. पण नाना चिडले नाहीत.

"अगं, फरक असता तर तू इथं आली असतीस का? सिमरोलच्या आयआयटीत नंबर लागलेलं पोर माझ्या ओसरीवर बघितलंस कधी? एसजीएसआयटीएसमध्ये हवी ती ब्रँच मिळाली की लोक पेढे घेऊन येतात, फाइल घेऊन येत नाहीत. १९५२ चं कॉलेज, त्याला माझी काय गरज? जिथं फरक स्वच्छ दिसतो तिथं नाना लागत नाही. दिसत नाही, तिथंच लागतो."

एवढं बोलून त्यांनी तिन्ही माहितीपत्रकं पुन्हा हातात घेतली, एकेकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि निकाल दिला : "आयईटी. आयटी घे. चॉइस फिलिंगला पहिल्या नंबरावर टाक आणि लॉक कर. अपग्रेडेशनच्या भानगडीत पडू नकोस." मेहुण्यांनी कारण विचारलं. "थोरली पाती," नाना म्हणाले, आणि मेहुण्यांचं समाधान झालं. काय झालं ते त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही, पण चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि परतीच्या बसची चौकशी सुरू झाली.

पुढच्याच आठवड्यात देवासचं एक कुटुंब आलं. मुलगा, तसाच नंबर, त्याच तीन फायली. नानांनी तीच कसोटी लावली, तोच अंगठा फिरवला आणि सांगितलं, "खाजगी. एआय-एमएल घे." कारण? "थोरली पाती." तेही समाधानानं गेले.

मंडळी गेल्यावर मी म्हटलं, "नाना, थोरली पाती एका आठवड्यात बदलली?"

"तू नोट प्रेसमध्ये एक दिवस टिकला नसतास," नाना म्हणाले. "कॉलेजं कशाला बघतोस? कागद बघ. धारच्या पोरीकडे तीन माहितीपत्रकं होती. दोन कोरी करकरीत. आयईटीची छापील माहिती मात्र चार ठिकाणी दुमडलेली, एका पानावर हळदीचा डाग. म्हणजे जेवतानासुद्धा तेच समोर होतं. ह्या पोराचं एआय-एमएलवालं बघितलंस? कोपरे गेलेले. त्यांचं ठरून झालेलं असतं रे. बापासमोर बोलायला तोंड हवं असतं, ते मी देतो."

"मग रस्ता, मीडियन, मास्तरांच्या गाड्या?"

"ते खरंच आहे. पण ते बापासाठी. बापाला आकडे लागतात."

"आणि उद्या पोरीला तिथं नाही करमलं तर?"

"तर नानाचं नाव. लाखांची फी भरायची, चार वर्षं घालवायची, म्हणजे खापर फोडायला एक डोकं आधी ठरलेलं हवं. बापानं पोरीवर फोडलं तर ती घरी यायची बंद होते. पोरीनं बापावर फोडलं तर तो म्हातारा होतो. माझ्यावर दोघांनाही फोडता येतं, आणि मला पेन्शन आहे."

देवासात अशी काही घरं आहेत जिथले लोक नानांना रस्त्यात बघून वाट बदलतात. एकाचा मुलगा दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून आला, एकीला चार वर्षांनी नोकरी लागली ती मनासारखी नव्हती. काकूंना याचं वाईट वाटतं. नानांना अजिबात नाही. ही आपली सगळ्यात यशस्वी प्रकरणं, असं ते समजतात. त्या घरांतले बाप आणि लेकरं नानांना मनसोक्त शिव्या देतात आणि त्या दोघं मिळून देतात.