बीटलला इम्पालाची चाकं

कुठल्याही गाडीला दुसऱ्या गाडीची चाकं लावली की ती अधिक देखणी दिसते, असं माझं ठाम मत आहे. खऱ्या गाडीवर ते सिद्ध करायची ऐपत नाही, म्हणून सगळा भार प्लॅस्टिकच्या गाड्यांवर येतो.

तामिया या जपानी कंपनीच्या किटमधली १९६६ची फोक्सवॅगन बीटल टेबलावर तयार होत होती आणि शेजारच्या खोक्यात १९६४ची शेवरोले इम्पाला पडून होती. जपानी किट बहुतेक १/२४चे, अमेरिकन १/२५चे. चोविसावा भाग आणि पंचविसावा भाग! एवढा फरक वाणीसुद्धा सोडून देतो, आणि मी तर मुळातच उदार. शिवाय इम्पाला सव्वापाच मीटरहून लांब, बीटल जेमतेम चार मीटरची. तेव्हा इम्पालाची चाकं भारदस्त असणार हे उघडच होतं. जे उघड असतं ते मी मोजत बसत नाही.

खऱ्या इम्पालाची रिम १४ इंची आणि बीटलची १५ इंची, हे ज्ञान मला बीटलची चाकं कापून झाल्यावर झालं. प्रमाणात लहान केल्यावर एक उरते १४.२ मिलिमीटर, दुसरी १५.९. म्हणजे बीटलचा टायर इम्पालाच्या रिमवर चढवला की थोरल्या भावाच्या पँटसारखा खाली घसरतो. मग इम्पालाचा टायरच घेतला. तो अमेरिकन, त्यामुळे रुंद, मडगार्डात जाईना. मडगार्ड आतून पॉलिश पेपरने घासत गेलो. पलीकडचा उजेड दिसायला लागल्यावर थांबलो.

राहिला अ‍ॅक्सल. माझ्या इम्पालात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी तार, तर बीटलच्या चाकात मऊ पॉलीकॅप. ही टोपी पॉलिथिनची असते आणि तिला मॉडेलचा गोंद चिकटत नाही. इतर सगळ्याला चिकटतो: टेबलाला, चष्म्याला, माझ्या अंगठ्याला. शेवटी सुपरग्लू काढला, काम फत्ते झालं, आणि गाडी जपून झाकणाच्या डब्यात ठेवली. सुपरग्लूची वाफ अशा बंद जागेत पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी साय धरते. सकाळी आईने डब्यात डोकावून विचारलं, "धुकं पडलंय का रे आत?"

एव्हाना शहाण्या माणसाने जुनी चाकं परत बसवली असती. मी काही महिने विचार केला. तेवढ्यात विनाइलच्या टायरमधलं, त्याला मऊ ठेवणारं रसायन पॉलिस्टायरीनच्या रिममध्ये उतरलं आणि दोघांची कायमची सोयरीक जमली. आधी रिमवर एखादा अडसराचा थर द्यायचा असतो म्हणे. हे सांगणारे लोक नेहमी लग्नानंतर भेटतात.

आता बीटल काचेच्या कपाटात उभी आहे. पुढचं डावं चाक आत वळलेलं, मागचं उजवं हवेत. पाहुण्यांनी विचारलं की मी सुरू करतो: पूर्व लॉस एंजेलिसमध्ये लोरायडर नावाची मोठी परंपरा आहे, तिथले लोक गाड्या मुद्दाम जमिनीलगत उतरवतात, हायड्रॉलिक्स लावून एक चाक उचलून धरतात, आणि ६४ची इम्पाला तर त्यांची लाडकी...

पाहुणे माना डोलवायला लागतात न लागतात तोच आई चहाचा ट्रे घेऊन येते.

"पंक्चर आहे ती," ती म्हणते. "साखर बघा हं बरोबर आहे का."